१०.०.२.१५ चं मूळ गाव

गेल्या आठवड्यात व्हर्च्युअलबॉक्सवर नवं लिनक्स चढवलं आणि सवयीने आयपी ॲड्रेस पाहिला. १०.०.२.१५. ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांना हा आकडा पाठ असेल. पण नेमका हाच का? म्हटलं शोधूया, आणि सगळा शनिवार त्यातच गेला!

गोष्ट सुरू होते मोडेमपासून. टेलिफोनच्या लाइनवर बसलेल्या मोडेमला आयपीचं पॅकेट वगैरे काही कळत नाही. त्याला कळतात फक्त एकामागून एक येणारे बाइट. मग एक पॅकेट कुठे संपलं हे ओळखायचं कसं? १९८४ च्या सुमारास रिक ॲडम्स यांनी बर्कली युनिक्ससाठी 'स्लिप' लिहिलं. त्यातलं उत्तर अगदी साधं आहे. पॅकेट संपलं की १९२ हा बाइट पाठवा. मजकुरातच १९२ आला तर त्याच्याऐवजी २१९, २२० ही जोडी, आणि २१९ आला तर २१९, २२१. झालं, संपला प्रोटोकॉल!

१९८८ मध्ये जॉन रॉमकी यांनी हे आरएफसी १०५५ म्हणून लिहून काढलं आणि शीर्षकातच त्याला 'नॉनस्टँडर्ड' म्हटलं. उणिवाही स्वतःच मांडल्या: दोन्ही टोकांना एकमेकांचा ॲड्रेस कळवायची सोय नाही, चुका पकडायची नाही, कॉम्प्रेशन नाही. हेडरच्या कॉम्प्रेशनचं काम १९९० मध्ये व्हॅन जेकबसन यांनी केलं; बाकीचं बरंचसं पीपीपीने निस्तरलं.

पण लाइनवरून पॅकेट पाठवता येणं वेगळं आणि तुम्हाला ते पाठवू देणं वेगळं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टीसीपी/आयपी खातं महाग आणि शेल खातं स्वस्त होतं. शेल म्हणजे समोरच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं आणि नुसती अक्षरं बघायची. चित्रं नाहीत. जगात इतरत्रही अशी खाती होतीच.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी 'स्लर्प' लिहिलं. शेल खात्यात हा एक साधा प्रोग्रॅम चालवायचा, रूटची परवानगी लागत नाही. घरचा पीसी मोडेमवरून स्लिपची पॅकेट पाठवतो. स्लर्प ती उघडतो, आणि आपल्या वतीने स्वतःच साधे सॉकेट उघडून बाहेर बोलतो. बाहेरच्यांना वाटतं, युनिक्स मशीनच बोलतंय. मग घरच्या पीसीला खऱ्या ॲड्रेसची गरजच उरत नाही. कुठलातरी लुटुपुटूचा चालतो. स्लर्पने सुचवलेला होता... १०.०.२.१५!

पुढे क्यूईएमयूने व्हर्च्युअल मशीनसाठी हाच कोड उचलला, व्हर्च्युअलबॉक्सनेही. रूटशिवाय कंटेनर चालवायची वेळ आली तेव्हा 'स्लर्पफोरनेटएनएस' आलं. मोडेम गेले, शेल खाती गेली, पण स्लर्प टिकला. मला वाटतं याचं कारण सरळ आहे. संथ लाइन ही त्या काळाची अडचण होती, ती त्या काळाबरोबर गेली. 'तुला परवानगी नाही' ही अडचण मात्र कुठे जात नाही. दुसऱ्याच्या मशीनवर काम करणारा साधा युजर तेव्हाही होता, आजही आहे. आपण सगळे तेच तर आहोत.

असो. पुढच्या वेळी १०.०.२.१५ दिसला, की त्या स्वस्तातल्या खातेदारांची आठवण काढा.