आठव्या दिवसाची भीती

एडवर्ड जेन्नर याचा देवीच्या लसीवरील प्रबंध 1798 साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला, तरी ती लस हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जिवंत पोहोचण्यास आणखी चार वर्षे लागली; कारण दोऱ्यात मुरवून वाळविलेला लसीचा द्रव दीर्घ सागरी प्रवासातील उष्म्याने निःसत्त्व होऊन जाई. अखेर व्हिएन्नाचा वैद्य ज्यां द कारो याने पाठविलेली लस बगदादेस पोहोचली, तेथून बसऱ्यास व बसऱ्याहून जहाजाने मुंबईस आली, आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या बालिकेच्या दंडावर ती लागू पडली. तिच्या फोडातील द्रव आणखी पाच मुलांना टोचला गेला, त्यांच्यापासून इतरांना, आणि अशा परंपरेने ती पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस, मद्रासेस व थेट सिंहलद्वीपापर्यंत गेली. या प्रसंगी कंपनी सरकारच्या डॉक्टरांची नावे गौरवाने नोंदली गेली आहेत. परंतु ती लस प्रत्यक्ष वाहून नेली ती मुलांच्या दंडांनी, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढल्या पाऊणशे वर्षांतील आईबापांच्या वर्तनाचा उलगडा व्हावयाचा नाही.

मुंबई इलाख्यात 1827 च्या सुमारास फिरत्या देवी काढणाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. उन्हाळ्यात व पावसाळ्यात लस टिकत नसल्यामुळे हे लोक हिवाळ्यात दौऱ्यावर निघत. पाटलास आगाऊ वर्दी जाई, दवंडी पिटली जाई, आणि चावडीपुढे मुले जमली की नस्तराने दंडावर ओरखडे काढून त्यांत लस भरली जाई. येथवर आईची फारशी हरकत नसे. खरी अडचण उभी राही ती आठव्या दिवशी. त्या दिवशी फोड भरून येई, आणि त्याच मुलास पुन्हा चावडीवर आणून, तो फोड उकलून, त्यातील पाण्याने दुसऱ्यांच्या मुलांना टोचावयाचे असे. तापाने कण्हत असलेल्या लेकराचा दुखरा दंड परक्या माणसाच्या हाती पुन्हा द्यावयाचा, तोही आपल्या मुलाच्या हितासाठी नव्हे, तर शेजारच्या गावातील न पाहिलेल्या मुलांसाठी. मूल यामुळे अशक्त होते, त्याच्या अंगातील सत्त्व निघून जाते, असे बायका म्हणत, आणि तो दिवस आला की मुलाला घेऊन माहेरी किंवा शेताच्या वाटेने निघून जात.

सरकारी अहवालांनी या वर्तनाची बोळवण अज्ञान व धर्मभोळेपणा या दोन शब्दांत केली. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. दंडावरून दंडावर लस नेण्याच्या या रीतीत एकाचा उपदंशासारखा रोग दुसऱ्याच्या अंगी जाऊ शकत असे, ही गोष्ट पुढे खुद्द युरोपातील वैद्यांनी मान्य केली, आणि इंग्लंडात तर 1898 च्या कायद्याने ती रीतच बंद करण्यात आली. म्हणजे ज्या भयाबद्दल आमच्या खेड्यांतील आयांना दूषण दिले गेले, त्यात सत्याचा अंश होता. याहून क्लेशदायक बाब जातीची. कोणाच्या मुलाचे पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाते याची चौकशी उच्च म्हणविणारी घरे कसोशीने करीत; आणि दुसरीकडे, लसीचा पुरवठा तुटू नये म्हणून ठिकठिकाणी गरिबांच्या व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांचे दंड चार पैसे देऊन, कित्येकदा तेही न देता, वापरले गेले. साऱ्या समाजाच्या संरक्षणाचा भार ज्यांच्या लेकरांनी उचलला, त्यांच्याच स्पर्शाचा समाजाला विटाळ होत होता.

देवीवरील श्रद्धेमुळे लोक लस नाकारीत, हेही अर्धेच खरे आहे. ज्या घरी मुलाला देवी येत त्या घरी फोडणी बंद होई, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि देवी उतरल्यावर शीतलादेवीला दहीभाताचा नैवेद्य जाई. टोचून आलेल्या मुलासाठीही कित्येक घरांतून हेच सोपस्कार होत. देवी काढणाऱ्याला तेथे देवीचा वैरी समजत नसत. तिने सौम्य रूपाने येऊन जावे एवढीच त्या घराची प्रार्थना असे.

कायदा मागाहून आला. मुंबई शहरापुरती सक्ती 1877 साली झाली. सर सय्यद अहमद खान यांनी मांडलेल्या विधेयकातून 1880 चा हिंदुस्थानचा कायदा निघाला, पण तो लागू करून घेणे बहुतांशी नगरपालिकांच्या इच्छेवर सोपविलेले होते. माझ्या मते या कायद्यांहून मोठे काम केले ते वासराने. वासराच्या पोटाच्या कातडीवर लस वाढवून ती मुलांना टोचण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात येऊ लागली. जेथे गोवंशाला इजा नको म्हणून लोक हटून बसले, तेथे म्हशीच्या रेडकावर काम भागविले गेले. यामुळे आठव्या दिवशी मुलाचा फोड उकलण्याचे कारणच उरले नाही, आणि हरकतीचे मूळही त्याबरोबर उखडले गेले.

सक्तीने जे साधत नाही ते लोकांची भीती घालविल्याने साधते, हीच गोष्ट प्लेगाच्या दिवसांत निराळ्या रीतीने प्रत्ययास आली. घरझडतीने आणि रोग्यांना बळेच उचलून नेण्याने मुंबई प्रक्षुब्ध झालेली असता, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपली प्लेगाची लस 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, व त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तरीही लोक बिचकत होते. तेव्हा विशीतील धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर उघडपणे ती टोचून घेतली, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा. आणि ज्या शहरात सरकारी पथक दिसताच दारे बंद होत, त्याच शहरात खोजांची कुटुंबे आपल्या पायांनी चालत हाफकिनकडे आली.