शाळेची पायरी

एखादा माणूस शिकला नाही हे सांगायचं तर मराठीत आपण म्हणतो, ‘तो शाळेची पायरी चढला नाही.’ शाळा आली की जोतं आलं आणि जोतं आलं की पायऱ्या आल्या. पावसाचं पाणी, वाळवी, साप-विंचू आत येऊ नयेत म्हणून गावातली प्रत्येक बरी इमारत दीड-दोन फूट उंचावर बांधायची, ही पद्धत शहाणपणाचीच होती. फक्त ज्याला पायरी चढताच येत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न त्या शहाणपणात कुठंच नव्हता.

मी गेली दोन वर्षं आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, पालक म्हणून. शाळेचा रॅम्प नव्यानं बांधून घ्यावा असा विषय निघाला, तेव्हा मी गुरुजींकडं जुनं जनरल रजिस्टर मागितलं. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढं शाळा सोडल्याचं कारण असतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, लहानपणी पोलिओ झालेल्या मुलांची नावं शोधली. पाच सापडली. त्यातल्या चौघांपुढं एकच कारण आहे, ‘सतत गैरहजर’. ‘पायऱ्या’ हे कारण त्या रजिस्टरात एकदाही आलेलं नाही. त्यामुळं या गोष्टीचा इतिहास शाळेच्या दप्तरात मिळत नाही, तो बाहेर शोधावा लागतो.

रॅम्पचं जे माप आज जगभर चालतं, ते १ : १२ चं. एक फूट वर चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार. हे माप अमेरिकेतून आलं. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक कॉलेजात शिकायला येऊ लागले आणि इमारतीच्या दारातच अडले. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांनी १९४८ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत माणूस किती चढ चढू शकतो, याची मापं घेतली गेली आणि १९६१ मध्ये अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं. त्यात हा १ : १२ होता. म्हणजे हा आकडा कुणा इंजिनिअरच्या मर्जीतून आलेला नाही. तो माणसाच्या दंडातल्या ताकदीतून आला आहे.

त्याच १९६१ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून परिषदा कामाला लागल्या. गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडं आल्या. खोल्या वाढल्या, जोती वाढली, पायऱ्याही वाढल्या. अपंग मुलांनी शहरातल्या वेगळ्या शाळेत, घरापासून लांब वसतिगृहात राहून शिकायचं, अशीच तेव्हाची समजूत होती. कोठारी आयोगानं (१९६४-६६) या मुलांना शक्य तिथं सर्वसाधारण शाळेत घ्यावं असं सुचवलं. १९७४ मध्ये केंद्र सरकारनं एकात्म शिक्षणाची योजना आणली. पण योजना मुलाला शाळेपर्यंत आणून सोडत होती. पुढच्या तीन पायऱ्या तशाच राहिल्या.

पहिला मोठा कायदा झाला १९९५ मध्ये. त्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावेत असं होतं, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांसकट. ही मर्यादा नेमकी कधी आडवी येते, हे सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही सांगायला नको.

गंमत अशी की बऱ्याच गावांत शाळेच्या दाराला पहिला रॅम्प लागला तो मुलांसाठी नव्हे, मतदारांसाठी. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानं मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प ठेवण्याचे आदेश दिले, आणि आपल्याकडं मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळाच. मतदान उरकलं की फळ्या उचलायच्या. त्याच दारातून रोज आत जाऊ पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला मत नव्हतं.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत अडथळामुक्त असली पाहिजे असं स्पष्ट आहे. शाळांच्या माहितीच्या वार्षिक फॉर्ममध्ये ‘रॅम्प आहे का?’ असा रकाना असतो. आणि रकाना आला की तो भरण्यापुरतं बांधकाम होतं. आमच्या शाळेतही झालं. जोतं दीड फुटाचं, रॅम्प पाच फुटांचा. १ : १२ च्या हिशेबानं तो अठरा फूट हवा होता. आज त्या चढावरून पावसाळ्यात मोटारसायकल व्हरांड्यात चढवतात, ती झकास चढते. चाकाची खुर्ची मागून दोघांनी रेटली तरी चढत नाही, आणि उतरताना तर कुणी बसायलाच धजणार नाही. फॉर्ममध्ये मात्र उत्तर खरंच आहे. रॅम्प आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दोन गोष्टी बदलल्या. कलम ४४ म्हणतं, आराखडा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगीच देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. म्हणजे रॅम्प आता दयेचा विषय उरला नाही, परवानगीची अट झाला. कलम ४५ नं जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढं राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत. त्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

दिल्लीतला हा निकाल आमच्या व्हरांड्यापर्यंत यायचा तर वाट ठरलेली आहे. समितीचा ठराव, शाळा विकास आराखड्यात नोंद, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मग निधी. यातल्या कुठल्याही टेबलावर अठरा फुटांचे पुन्हा पाच होऊ शकतात, कारण ‘रॅम्प बांधणे’ एवढ्या दोन शब्दांत दोन्ही बसतात. म्हणून यंदाच्या ठरावात आम्ही नुसतं ‘रॅम्प’ लिहिलं नाही. लांबी अठरा फूट, दोन्ही बाजूंना कठडे, लहान मुलांच्या हाताला येईल असा खालचा एक दांडा, वर दारापाशी खुर्ची वळवायला सपाट जागा, असं सगळं लिहिलं. एक सदस्य म्हणाले, ‘एवढं कुणासाठी? गावात एकच तर पोरगी आहे.’ तिची आई बैठकीत बसलेली होती. ती म्हणाली, ‘भाऊ, शाळा पण एकच आहे.’

ठराव एकमतानं झाला. पोरगी सध्या अंगणवाडीत आहे आणि जूनमध्ये पहिलीत येणार आहे. अंदाजपत्रक अजून तयार व्हायचं आहे.