नांवें अनेक, मनुष्य एक



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या वाडवडिलांचीं नांवें शोधावीं अशी इच्छा नंदनवनांतील कित्येक कुटुंबांस झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हा शोध पुष्कळदां पहिल्याच पायरीवर अडतो. घरांत ज्यांस ‘बापू’ म्हणत, ते बाप्तिस्म्याच्या वहींत सांपडत नाहींत. आणि आजोबांचा बाप्तिस्मा झाला होता कीं नाहीं, असा संशय मनांत येतो.

तो घाईनें धरूं नये. जुन्या नोंदी बहुधा लॅटिन भाषेंत होत. तेथें ‘योआन्नेस’ म्हणून लिहिलेला गृहस्थ व्यवहारांत जॉन, योहान किंवा पोर्तुगीज वळणाचा जुवांव असूं शकतो. गोमंतकांतील बस्त्यांव म्हणजे सेबॅस्टियनच. थोरांचीही हीच कथा आहे. इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेले ‘क्रिस्तपुराण’कर्ते इंग्रज येशूसंघी फादर टॉमस स्टीफन्स हे पोर्तुगीजांचे ‘पाद्री एस्तेव्हांव’ झाले, आणि जुन्या लेखांत त्यांस ‘बस्टन’ असेंही म्हटलेलें आढळतें.

मग उपाय कोणता? एकट्या नांवावर भिस्त न ठेवतां त्याच्या सोबतच्या नोंदींकडे पाहावें: आईबाप, धर्ममातापिते, गांव, तारीख. इ. स. १९०८ पासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्रानुसार विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीच्या समासांत होऊं लागली. म्हणून नांव अनोळखी वाटलें तरी समासांतील पत्नीच्या नांवावरून आजोबांची ओळख पटूं शकते. मात्र बाप्तिस्मा ज्या देवळांत झाला, नोंद तेथेंच असते; कुटुंब नंदनवनांत राहावयास आलें म्हणून ती इकडे येत नाहीं.

घरचें हांकेचें नांव मात्र बहुधा कोणत्याच वहींत नसतें. तें केवळ वृद्धांच्या स्मरणांत असतें. आमच्या आजीस सारा गांव ‘माई’ म्हणे. तिचें बाप्तिस्म्याचें नांव आम्हीं प्रथम वाचलें तें तिच्या थडग्यावरील क्रुसावर. तिच्या हयातींत एकदांही विचारलें नाहीं, याची खंत आजही वाटते.

यास्तव आमची विनंती एवढीच कीं, घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंच त्यांजपाशीं बसावें. प्रत्येक पूर्वजाचें हांकेचें नांव व बाप्तिस्म्याचें नांव एका ओळींत लिहून ठेवावें. प्रभूनें सिमोनास पेत्र म्हटलें, तरी मनुष्य एकच होता. आपल्या पूर्वजांचीं सारीं नांवें परमेश्वरास ठाऊक आहेत. विसर पडतो तो आपणांस.