डकस्टाडचा डोनाल्ड आणि आपला चांदोबा

इथल्या डच घरांत ‘डोनाल्ड डक’ साप्ताहिकाचे गठ्ठे पिढ्यान् पिढ्या जपलेले दिसतात. पहिला अंक २५ ऑक्टोबर १९५२ चा, तोही घरोघरी फुकट वाटलेला. आणि गंमत बघा, मराठी ‘चांदोबा’सुद्धा १९५२ चाच!

तसे दोघेही परके. डोनाल्ड अमेरिकन, तर चांदोबा १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू-तमिळमधून सुरू झालेल्या मासिकाची मराठी आवृत्ती. पण खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला शंकर यांचा विक्रम बघताना हे कुणाच्या डोक्यात यायचं? डच लोकांनी तर बदकांचं बारसंच केलं! स्क्रूजकाका झाले डागोबर्ट, तिघे भाचे क्विक, क्वेक नि क्वाक. पुढे डान यिप्पेससारखे डच चित्रकार आले, डकस्टाडमध्ये सिंटरक्लास येऊ लागला. मला विचाराल तर मूळ अमेरिकन डोनाल्डपेक्षा हाच सरस. (सौ.ला हे अजिबात मान्य नाही.)

चांदोबा मात्र २०१३ च्या सुमारास बंद पडला. २००७ मध्ये तो मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने घेतला होता. आमच्याच धंद्यातली, म्हणून जास्त लागलं. पण खरं सांगू? आपण घरी अंक घेणं त्याआधीच सोडलं होतं. इथे आजोबा नातवाला डोनाल्डची वर्गणी वाढदिवसाला भेट देतात.

आमचे चिरंजीव डच वाचायला डोनाल्डवरच शिकले. मराठीसाठी पुण्याहून चांदोबाचे जुने अंक आणलेत. वेताळ त्याला भारी आवडतो, पण जोडाक्षरांपाशी गाडी अडते, मग मीच वाचून दाखवतो.