दुसऱ्या इंजिनीअरचं काय?

इंजिनीअरिंगच्या मुलांना आचारसंहिता शिकवणं फुकट, प्रामाणिकपणा घरूनच आणावा लागतो, असं प्राध्यापकसुद्धा म्हणतात. वर ठाण्याजवळच्या शीळचा दाखला देतात : ४ एप्रिल २०१३ला बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, तिथे कुठली संहिता आडवी आली? दाखलाच चुकला. तिथे परवानगीच नव्हती. ते रोखणं पोलिसांचं आणि महापालिकेचं काम. संहिता लागते ती सगळे कागद रीतसर असतात तेव्हा.

ठाण्यात कोपरीतल्या एका सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला गेलो होतो. इमारतीला तीस वर्षं झाली की ते करावंच लागतं. काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे बरे आले. गच्चीखालच्या दोन बीमचं कव्हर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या, पण दुरुस्तीने भागण्यासारखं होतं. सेक्रेटरींनी चहा पुढे केला. "साहेब, सी-१ लिहा ना. चार घरांपायी रिडेव्हलपमेंट अडकलीय." सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा.

आता घरचे संस्कार काय सांगतात? मोठ्यांचा शब्द मोडू नये, खाल्ल्या मिठाला जागावं! अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनीअरांच्या संस्थेची १९१४ची संहिताही अशील आणि व्यवसायबंधू यांच्यापलीकडे फारशी गेली नव्हती. लोकांची सुरक्षितता तिथे सर्वांत वर आली ती १९७०च्या दशकात. जे व्यवसायाला उमगायला साठ वर्षं लागली, ते पोरांनी घरून शिकून यावं?

संहितेला कायद्याचा आधार नाही, हा आक्षेप मात्र खरा. वकिलांना १९६१चा कायदा आहे, वास्तुविशारदांना १९७२चा. इंजिनीअरांसाठी देशभर लागू असा कायदा नाही. म्हणून तर वर्गात शिकवायचं. पण मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात विषयाचं नावच 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' होतं, एथिक्स शेपटाला. इंजिनीअरांचा इशारा डावलून उडवलेल्या चॅलेंजर यानाची गोष्ट पाठ करून घेण्यापेक्षा असा एक ऑडिट रिपोर्ट मुलांपुढे ठेवावा आणि सही मागावी.

माझ्या संस्कारांनी वाचलीच तर फक्त माझी सही. शेजारच्या टेबलावरच्या सहीला ते पुरत नाहीत; तिथे दोघांना बांधणारा नियम लागतो, आणि तो दोघांनी शिकलेला असावा लागतो. मी सी-२बी लिहिलं, घरं रिकामी न करता दुरुस्ती. महिन्याभरात सोसायटीने दुसरा इंजिनीअर आणला. त्याने सी-१ लिहिलं.