उपग्रहाच्या साहाय्याने शेतजमिनीची पारख

कोणत्या जमिनीत कोणते पीक घ्यावे, हा कोरडवाहू शेतकऱ्यापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. निवड चुकल्यास बियाणे, खत व मजुरीवरील खर्च वाया जातो. फळबागेच्या बाबतीत तर हे नुकसान अनेक वर्षांनंतर लक्षात येते. उपग्रहाची छायाचित्रे व नकाशे यांच्या आधारे ही पारख आता शास्त्रीय पद्धतीने करता येते.

बंगळूरच्या चिकपेट या जुन्या बाजारपेठेपासून काही किलोमीटर उत्तरेला, हेब्बाळ येथे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे विभागीय केंद्र आहे. ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे. २०१२ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या कर्नाटकातील 'सुजला-३' पाणलोट प्रकल्पात या केंद्राने गावोगावच्या जमिनींची पाहणी केली. त्यासाठी १:७,९२० प्रमाणाचे गावनकाशे पायाभूत धरण्यात आले. देशाचा मृदा नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा असल्याने त्यात एकेक शेत दिसत नाही. गावनकाशात मात्र सर्व्हे नंबरनिहाय फरक स्पष्ट होतो.

पाहणीची पद्धत

'इस्रो'ने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाची छायाचित्रे २.५ मीटरपर्यंतचा तपशील दाखवीत. रिसोर्ससॅट उपग्रहांवरील 'लिस-४' कॅमेरा ५.८ मीटरचा तपशील रंगांसह टिपतो. दोन्ही छायाचित्रे एकत्र केल्यावर उतार, ओघळी, मातीचा रंग व पिकांखालील क्षेत्र ओळखता येते. निरोगी पाने लाल प्रकाश शोषून घेतात व अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. या फरकावरून पिकाच्या वाढीचा अंदाज बांधला जातो.

मात्र मातीची खोली उपग्रहाला दिसत नाही. त्यामुळे निवडक ठिकाणी खड्डे खोदून मातीचे थर तपासले जातात. पोत, निचरा, चुनखडीचे प्रमाण व क्षारता यांची नोंद घेतली जाते.

योग्यतेचे वर्ग

जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये निश्चित केलेल्या चौकटीनुसार जमिनीचे अत्यंत योग्य, मध्यम योग्य, अल्प योग्य व अयोग्य असे वर्ग केले जातात. हे वर्ग पिकानुसार बदलतात. सामान्यतः सर्वांत प्रतिकूल घटकावरून वर्ग ठरतो. पाऊस पुरेसा असूनही माती उथळ असेल, तर पावसाळा संपल्यावर ओल टिकत नाही व कोरडवाहू कपाशीला ताण बसतो. विदर्भात चुनखडीयुक्त किंवा निचरा न होणाऱ्या भारी जमिनीत संत्र्याची झाडे नीट वाढत नाहीत.

बाजारभाव, मजुरांची उपलब्धता किंवा विहिरीचे पाणी यांचा निर्णय नकाशा करू शकत नाही. मात्र लागवडीपूर्वी जमिनीची मर्यादा समजल्यास शेतकऱ्याला संभाव्य नुकसान टाळता येते.