रिकाम्या महिरपी कंसाची कुळकथा

अर्धापूरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी कुणी पीएचपीत हिशेब लिहितंय असं धरू. ‘खरेदी’ नावाचा क्लास, त्यात वजन, क्विंटलचा भाव आणि व्यापाऱ्याचा नफा. तिन्ही प्रायव्हेट. शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवण्यासाठी ऑब्जेक्ट जेसनमध्ये बदलायला दिला की हाती येतं {}. ना एरर, ना वॉर्निंग.

यात बिघाड काहीच नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेल्या जेसनमध्ये खासगी-जाहीर असा भेदच नाही. लिहिलं ते सगळ्यांसमोर. पीएचपीत हा भेद २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आला. जेसन भाषेत अंगभूत झालं ते २००६ च्या ५.२ मध्ये. पीएचपी प्रायव्हेट प्रॉपर्टीच्या नावाआधी क्लासचं नाव चिकटवते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शून्य बाइट ठेवते. ऑब्जेक्टमधलं नाव शून्य बाइटने सुरू झालं की जेसनचा कोड ते सरळ गाळतो. कोण विचारतंय हे तो बघतच नाही, म्हणून क्लासच्या आतून बोलावलं तरी कंस रिकामाच.

मग पळवाटा निघाल्या. ऑब्जेक्टचं जबरदस्तीने अ‍ॅरे केलं की प्रायव्हेट माल बाहेर येतो खरा, पण ते शून्य बाइट आणि क्लासचं नाव डोक्यावर घेऊन. सगळं पब्लिक करून टाकणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. व्यापाऱ्याचा नफा शेतकऱ्याच्या मोबाइलवर!

मार्च २०१२ च्या ५.४ आवृत्तीत सारा गोलमन यांचा ‘जेसन-सिरियलायझेबल’ इंटरफेस आला. त्यात मेथड एकच, आणि बाहेर काय द्यायचं ते ऑब्जेक्टच तिच्यात ठरवतो. आपल्या ‘खरेदी’ने वजन आणि भाव परत करावा, नफा पोटात ठेवावा. त्याच आवृत्तीने मराठीवर आणखी एक उपकार केला: युनिकोड जसंच्या तसं ठेवायचा पर्याय. तोवर ‘अर्धापूर’ पाठवलं की ‘अ’च्या जागी ०९०५ असा कोड उमटायचा.

जावास्क्रिप्टने क्रम उलटा लावला. ऑब्जेक्टला विचारणारी ‘टू-जेसन’ मेथड २००९ च्या मानकातच आली. # लावलेली खरी प्रायव्हेट फील्ड मात्र २०२२ च्या मानकात. त्यांचंही जेसन केलं, आणि टू-जेसन लिहिलेली नसली, तर येतं {}.